तीच ती बंदरे

पुण्याला समुद्र नाही ही गोष्ट पुणेकराने कधी फारशी मनाला लावून घेतली नाही. नदी आहे, तिला पूर येतो, आणि पूर आला की पुलांवर माणसे लोटतात. पाण्याची हौस आजवर तेवढ्यावर भागत असे. गेल्या काही वर्षांत मात्र या समुद्रहीन शहराला बोटीच्या सफरीचे वेड लागले आहे. एके काळी दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वर गाठणारी, फार तर रामेश्वर करून येणारी कुटुंबे आता मुंबईच्या धक्क्यावरून निघून गोवा, कोची, लक्षद्वीप करून येतात. ज्यांची मुलेबाळे परदेशी आहेत अशी वडीलधारी मंडळी तर भूमध्य समुद्र आणि अलास्काही पाहून आलेली असतात. फराळाच्या ताटाभोवती या सफरींची वर्णने रंगतात. पहिली सफर करून आलेला गृहस्थ बोटीचे मजले, पोहण्याचा तलाव आणि मध्यरात्रीपर्यंत चालणारी जेवणे यांत हरवलेला असतो. दुसरी सफर करून आलेला जरा सावरून बोलतो. "बोट उत्तम हो, खाण्यापिण्याचे तर विचारूच नका, पण बंदरे तीच ती!" तिसऱ्या सफरीनंतर हा 'पण' वाक्याच्या शेवटून सरकत सरकत आरंभी येतो.

या तक्रारीची टवाळी करणे सोपे आहे. अर्ध्या जगाला एक समुद्र पाहावयास मिळत नाही आणि यांना नवी बंदरे हवीत, असे म्हणून आपण चकलीकडे वळू शकतो. परंतु मराठी प्रवासवर्णने आवडीने वाचणाऱ्या माणसाला ही तक्रार ऐकून आपल्याच घरातले कोणी बोलत असल्यासारखे वाटेल. तीच बंदरे, तीच शहरे, तेच मनोरे आणि तीच संग्रहालये यांविषयी आपला वाचक कित्येक वर्षे असाच कुरकुरत आला आहे. प्रवासी बोटीच्या कंपनीला जे म्हणतो तेच वाचक लेखकाला म्हणतो. तेव्हा या दोन तक्रारी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या, तर दोहोंवरही थोडा प्रकाश पडेल. बंदर बदलले म्हणजे प्रवास बदलतो काय, आणि बंदर तेच राहिले तर प्रवास शिळा होतोच काय, एवढाच प्रश्न येथे पाहावयाचा आहे.

* * *

बंदरे ठरतात कशी, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. प्रवाशाच्या आवडीनिवडीने ती कधीच ठरली नाहीत. मुंबईहून विलायतेस जाणाऱ्या जुन्या आगबोटी एडनला थांबत, त्या एडन पाहण्यासारखे होते म्हणून नव्हे. बोटीला कोळसा लागे. इंग्रजांनी १८३९ मध्ये एडन घेतले आणि पुढे तेथे कोळशाचे मोठे ठाणे झाले. १८६९ च्या नोव्हेंबरात सुवेझचा कालवा खुला झाला, आणि कालव्याच्या उत्तर तोंडाशी त्याच्याच निमित्ताने वसलेले पोर्ट सैद हे प्रत्येक विलायतवाल्याच्या वाटेत आले. पुढे मार्सेय किंवा नेपल्स किंवा जिनोव्हा. कोळसा, टपाल आणि कालव्याचा कर या तिघांनी मिळून ही यादी केली होती. आमच्या लेखकांनी ती निमूटपणे पत्करली, एवढेच.

म्हणून आगबोटीच्या काळातील प्रवासवर्णने उघडली की एडनच्या बोडक्या टेकड्या येतात, पाण्यात टाकलेल्या नाण्यासाठी बुड्या मारणारी पोरे येतात, कालव्यातून मुंगीच्या पावलाने जाणारी बोट येते आणि पोर्ट सैदचे फेरीवाले येतात. बोट लागल्याचे, म्हणजे पोटात ढवळल्याचे वर्णन तर पहिल्या प्रकरणाचे देणेच असे. पुढे विमाने आली आणि विलायतेच्या प्रवासी बोटी संपल्या. आता तरी लेखक सुटला असे वाटले. पण एडन गेले आणि त्याच्या जागी लंडन, पॅरिस, जिनिव्हा, रोम ही नवी ठाणी तितक्याच कायमची झाली. वाहन बदलले, यादीची सवय गेली नाही.

आजच्या सहलीच्या बोटीला कोळसा लागत नाही, पण तिच्याही बंदरांची निवड घड्याळाने होते. हिशेब साधा आहे. पाहुण्यांनी दिवसा गाव पाहावे आणि रात्री ते झोपले असता बोटीने पुढचे गाव गाठावे, अशी या सफरीची रचना असते. ताशी पंधरा-सोळा सागरी मैल या गतीने चौदा तासांत सव्वादोनशे मैलांच्या आसपास जाता येते. मुंबईपासून गोवा जवळजवळ तेवढ्याच अंतरावर आहे. दोन-तीन रात्रींची सफर म्हटली की गोवा येणारच, आणि चार-पाच रात्रींची म्हटली की कोची किंवा लक्षद्वीप. सुटी चार दिवसांची, पैसे चार दिवसांचे, आणि बंदरे मात्र चाळीस हवीत, हा हिशेब कोणत्याही कप्तानाला जमणारा नाही.

दुसरे असे की बोटी फुगत चालल्या आहेत. २०२४ च्या जानेवारीत 'आयकॉन ऑफ द सीज' नावाची बोट प्रवासाला निघाली. तिची लांबी सुमारे ३६५ मीटर आणि तीत सात हजारांवर प्रवासी मावतात. एवढे गाव एखाद्या गावाच्या दारात उभे करावयाचे तर ते दारही तेवढे रुंद हवे. बोट जितकी मोठी तितकी तिला शिरता येईल अशी बंदरे थोडी, हे उघड आहे. आणि जी आहेत तीही आता कंटाळली आहेत. व्हेनिसच्या मध्यभागातून जाणाऱ्या जलमार्गावर मोठ्या बोटींना २०२१ च्या ऑगस्टपासून बंदी झाली. अलास्कातील जुनो येथे २०२४ पासून दिवसाला पाचच मोठ्या बोटी, असा मेळ घालण्यात आला. प्रवासी म्हणतो बंदरे तीच ती. बंदर म्हणते प्रवासी फार झाले. दोघेही खरे बोलतात.

आणि मग बोटवाले एक युक्ती करतात. बंदर वाढवता येत नाही तर ते बोटच वाढवतात. घसरगुंड्या, नाटकगृहे, दुकाने, बर्फाचे मैदान! बोट हेच गाव होऊन बसते आणि बाहेरचा समुद्र खिडकीच्या पडद्याइतकाच उरतो. वाचकहो, असे प्रवासवर्णनही आपल्या परिचयाचे नाही काय? ज्यात लेखकाची न्याहारी, लेखकाची खोली, लेखकाचे हरवलेले सामान आणि लेखकाला भेटलेले मराठी कुटुंब यांनीच पाने भरतात, आणि देश कोठे तरी खिडकीबाहेरून निघून जातो?

* * *

आता पुस्तकांकडे वळू. आमच्या भाषेतील काही मोजकी प्रवासवर्णने या प्रश्नाला आपापल्या परीने उत्तर देऊन बसली आहेत.

पहिले उत्तर वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचे. १८५७ मध्ये हे गरीब ब्राह्मण दक्षिणेच्या आशेने उत्तर हिंदुस्थानात निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार होत्या. तेथे चार पैसे मिळतील, घरचे कर्ज फिटेल आणि जमल्यास यात्राही होईल, असा त्यांचा बेत. म्हणजे मुक्काम ठरलेले, फळ ठरलेले. महूच्या आसपास बंडाची वार्ता आली आणि सगळी यादी उधळली गेली. पुढे भटजी झाशीत अडकले, किल्ल्याला पडलेला वेढा त्यांनी आतून पाहिला, लुटले गेले, आणि अखेर गंगेची कावड घेऊन कोकणात परतले. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये संपादून प्रसिद्ध केलेले 'माझा प्रवास' आजही आपण जीव मुठीत धरून वाचतो, कारण त्यात प्रवाशाने निवडलेले असे फार थोडे आहे. मात्र यावरून कोणी सफरीत बंडाची सोय मागू नये! एवढेच घ्यावे की भटजींजवळ बंदरे थोडी होती आणि मुक्काम लांब होते. ते जेथे अडकले तेथली माणसे त्यांच्या लेखणीत उतरली. जेथून नुसते गेले तेथली उतरली नाहीत.

दुसरे उत्तर पंडिता रमाबाईंचे. १८८६ मध्ये त्या लिव्हरपूलहून फिलाडेल्फियाला गेल्या, त्या आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीच्या पदवीदान समारंभासाठी. तेव्हाच्या अटलांटिक प्रवाशांच्या वाटेने जाणारी, चाकोरीतली ही जलयात्रा. परंतु १८८९ मध्ये त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' प्रसिद्ध केले. नावातला क्रम पाहण्यासारखा आहे. लोकस्थिती आधी, प्रवासवृत्त मागून! समुद्रप्रवास त्यांनी आरंभी सांगून टाकला आणि मग राज्यव्यवस्था, घरे, शिक्षण, धर्म, व्यापार, स्त्रियांची स्थिती अशी प्रकरणे मांडली. शहरांच्या नावांवर पुस्तक उभेच केले नाही. त्यांना जे बंदर गाठावयाचे होते ते नकाशावर नव्हते. स्वदेशी परतल्यावर त्याच वर्षी त्यांनी मुंबईत शारदासदन काढले आणि पुढच्याच वर्षी ते पुण्यात आणले. प्रवासात काय पाहिले हे विचारणाऱ्यास त्यांना सदनाचा दरवाजा दाखवता आला असता. इतके ठोस प्रवासवर्णन मराठीत दुसरे सापडणे कठीण.

अनंत काणेकरांचे 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' १९४० चे. लंडन त्यातही आहे, पण ते वाटेवरचे धुके म्हणून. नजर लाल ताऱ्यावर. नावातच लेखकाने आपली दिशा सांगून टाकली आहे. त्या ताऱ्याविषयी जगाचे मत पुढे कितीही बदलले असो, एक प्रश्न खिशात घालून निघालेल्या माणसाचे ते पुस्तक आहे, आणि प्रश्न खिशात असला की ठरीव मुक्कामही निराळा दिसतो.

आता पु. ल. देशपांडे यांचे 'अपूर्वाई'. १९६० मध्ये हे पुस्तक आले. यातली ठिकाणे कोणती? लंडन आणि पॅरिस! इंग्रजी राज्याच्या आरंभापासून आमच्या विद्वानांनी झिजवून गुळगुळीत केलेली ठिकाणे. केवळ यादी पाहून पुस्तक घ्यावयाचे असते तर ते कोणीही घेतले नसते. पण मराठी घरांतून ते पारायणासारखे वाचले गेले, आजही वाचले जाते. शिळ्या बंदरातून ताजे पुस्तक निघते, याचा याहून मोठा पुरावा नको. याचे कारण विनोद, असे म्हटले की आपण मोकळे होतो. परंतु विनोद हे अर्धेच उत्तर आहे. पुलंनी लंडन पाहिले ते एका मध्यमवर्गीय मराठी घराच्या खिडकीतून. ती खिडकी त्यांनी लपविली नाही, उलट सोबत नेली. त्यामुळे वाचकाला एकाच वेळी दोन गावे दिसतात, एक टेम्सच्या काठचे आणि एक आपले. पुढे १९६३ मध्ये 'पूर्वरंग' लिहिताना ते पूर्वेकडे वळले. सिंगापूर, बाली, जपान यांकडे. म्हणजे नवे बंदर त्यांनाही हवे होतेच. पण पहिले बंदर आटले म्हणून ते गेले असे वाटत नाही. त्यांना दुसरी बाजूही पाहावयाची होती.

पुलंच्या यशाने एक अनर्थही झाला, आणि तो सांगितल्यावाचून टीकाकाराला पुढे जाता येणार नाही. काट्याचमच्याची फजिती, जकातवाल्यांची धास्ती, परक्या देशात वरणभाताची आठवण, हे सारे पुढच्या लेखकांनी उचलले. खिडकी मात्र राहून गेली. फजितीही मग एडनच्या टेकड्यांसारखी ठराविक झाली. नवे देश आले, नव्या विमान कंपन्या आल्या, पण विनोद त्याच धक्क्याला लागत राहिला. ज्याला आपण 'तीच बंदरे' म्हणतो ती पुष्कळदा भूगोलात नसतात, ती लेखकाच्या वाक्यांत असतात.

उलट बाजूचा दाखला मीना प्रभु यांचा. २०२५ मध्ये त्या निवर्तल्या. वैद्यकाच्या व्यवसायात आणि लंडनच्या वास्तव्यात आयुष्याचा मोठा काळ घालविलेल्या या बाईंनी मराठी वाचकाच्या तक्रारीला सर्वांत सरळ उत्तर दिले. तुम्हाला नवी ठिकाणे हवीत ना? मग हे घ्या! दक्षिण अमेरिका, मेक्सिको, तुर्कस्तान, ग्रीस, इजिप्त, इराण, चीन, तिबेट. 'दक्षिणरंग', 'मेक्सिकोपर्व', 'तुर्कनामा', 'गाथा इराणी' अशी नुसती नावे वाचली तरी आमच्या प्रवासवर्णनाचा नकाशा त्यांनी किती रुंद केला ते कळते. परंतु त्यांच्या पुस्तकांचे बळ देशांच्या संख्येत आहे असे मात्र मला वाटत नाही. एका देशाला एक जाड पुस्तक, हा त्यांचा बाणा होता. आठ दिवसांत सात देश करणाऱ्या सहलींच्या काळात त्यांनी एका एका देशात मुक्काम ठोकला, तेथल्या बायाबापड्यांशी गप्पा मारल्या. इतिहासाची आणि आकड्यांची गर्दी कधी कधी त्यांच्या वर्णनाला जड करते, हे खरे. वाटाड्या आणि लेखिका यांतली वाटाडी वरचढ होते. तरीही पाने उलटताना कोणी तरी तेथे खरोखर उतरले होते हा विश्वास सुटत नाही. उतरणे आणि थांबणे यांतला भेद त्यांना ठाऊक होता.

* * *

येथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्या मातीतलाच आहे. ज्येष्ठात आळंदीहून ज्ञानोबांची पालखी निघते. पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, वाखरी. मुक्काम तेच, क्रम तोच, अखेरचे गाव तेच. पुण्यात ज्ञानोबांची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबाच्या देवळात आणि तुकोबांची नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात उतरते, हे पेठेतल्या पोरालाही माहीत असते. चाळीस वर्षे वारी केलेला वारकरी "यंदा जरा निराळा मार्ग घ्या हो" असे कधी म्हणाला आहे काय? मग बोटीच्या प्रवाशालाच काय झाले?

आक्षेप चटकदार आहे, पण तो जसाच्या तसा स्वीकारणे अन्यायाचे होईल. वारकरी पाहावयास निघालेला नसतो, भेटीला निघालेला असतो. वाटेतल्या गावात त्याची भाकरी ठरलेली असते, ओसरी ठरलेली असते, गेल्या वर्षी तेथे असलेला म्हातारा यंदा नसला तर त्याची चौकशी असते. पुन्हा पुन्हा जाण्याने त्याचे ते गाव जुने होत नाही, जवळचे होते. सहलीच्या प्रवाशाला बंदरात कोणी ओळखत नाही. सकाळी नऊला उतरावे, गाडीत बसावे, चर्च पाहावे, काजू घ्यावेत, पाचला परत यावे. दुसऱ्या वर्षी तोच गाडीवाला त्याला पुन्हा नवा पाहुणा समजून तीच माहिती त्याच चालीवर सांगतो. ज्या गावाशी ओळख वाढण्याची सोयच नाही, ते गाव दुसऱ्या खेपेला कंटाळवाणे होणारच. तेव्हा कंटाळ्याचा दोष प्रवाशाच्या मनावर सगळा ढकलणे योग्य नाही. त्याला आठ तासांत गुंडाळणाऱ्या वेळापत्रकाकडेही पाहावे लागेल.

आणि जुन्या वाटेवरही नवे दिसू शकते. इरावती कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या. मानववंशशास्त्राचा व्यासंग घेऊन त्या वारीबरोबर चालल्या. 'परिपूर्ती' या १९४९ च्या संग्रहातील त्यांच्या 'वाटचाल' या लेखात भक्तीची लाट जशी आहे, तसेच एकाच विठ्ठलाचे नाव घेत चालणाऱ्या दिंड्यांत जातीजातींच्या चुली वेगळ्या पेटतात, हे टोचणारे दृश्यही आहे. लाखो पावलांनी मळलेल्या त्या रस्त्याच्या वर्णनात एकही नवे गाव नाही. पण तो लेख वाचल्यावर पालखी पुलावरून येताना पूर्वीसारखी पाहता येत नाही.

* * *

इतके झाल्यावर प्रवाशाच्या बाजूने एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे. नवी बंदरे नाहीत, ही सबब निदान आपल्या किनाऱ्यापुरती तरी खरी नाही.

मुंबई आणि गोवा यांच्यामध्ये काय आहे? आजच्या सफरीच्या पत्रकात विचाराल तर काही नाही. एक रात्र आहे. पण हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही माळ एके काळी कोकणच्या आगबोटीच्या वेळापत्रकात होती. धक्का नसेल तेथे बोट बाहेर नांगर टाकी आणि पडाव प्रवाशांना, त्यांच्या ट्रंकांना, फणसांना आणि रडणाऱ्या पोरांना घेऊन किनाऱ्याला लावीत. पावसाळ्यात बोटी बंद. पुढे रस्ते झाले, एसटी आली, बोट बंद पडली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पुरी झाल्यावर तिची आठवणही ओसरली. ज्या पुणेकरांची आडनावे या किनाऱ्यावरून घाट चढून आली त्यांनासुद्धा ही नावे आता शाळेच्या नकाशापुरती उरली आहेत.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले. त्यांतले चार सागरी: खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग. हे चारही मुंबई-गोवा या जलमार्गावर आहेत! संध्याकाळी पाचला सुटलेली बोट खांदेरीजवळून दिवेलागणीला जाते. सुवर्णदुर्ग येतो नऊ-दहाच्या सुमारास, तेव्हा आत गाण्याचा कार्यक्रम रंगात असतो. विजयदुर्ग मध्यरात्रीनंतर, आणि १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी ज्याचा पाया घातला तो सिंधुदुर्ग पहाटेच्या साखरझोपेत. २०१८ मध्ये या मार्गावर 'आंग्रिया' नावाची बोट सुरू झाली होती. तीही कान्होजींचे नाव मिरवीत कान्होजींच्या किनाऱ्यावरून अंधारातच जाई. ज्या प्रवाशाला बंदरे पुरत नाहीत तो चार जगन्मान्य किल्ल्यांवरून पांघरूण घेऊन निघून जातो, याला काय म्हणावे?

बंदरे उथळ आहेत, मोठी बोट आत येत नाही, हे उत्तर ठरलेले आहे. ते खोटे नाही. पण लक्षद्वीपला तरी मोठी बोट कोठे धक्क्याला लागते? प्रवासी भर समुद्रात लहान होडीत उतरतात आणि बेटावर जातात, आणि परत आल्यावर त्या होडीचेच वर्णन सर्वांत जास्त करतात. जे लक्षद्वीपला चालते ते हर्णैला का चालू नये? कोकणच्या आजीबाईंनी नऊवारी सावरीत ते पिढ्यान् पिढ्या केलेले आहे.

मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. दोन हजार माणसे एका सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर उतरवली आणि दुपारी उचलली, तर प्रवाशाच्या यादीत एक नाव वाढेल आणि मालवणात फक्त कचरा. व्हेनिसचा कंटाळा आपण विकत घ्यावयाचा नाही. जुन्या आगबोटीचे उतारू गावाला पाहुणे नव्हते, ते घरी येत होते. म्हणून तिच्या भोंग्याने गाव जागे होई. नव्या बंदरांसाठी बोटी लहान हव्यात, माणसे थोडी हवीत आणि वेळ पुष्कळ हवा. एखादी रात्र बोटीने हर्णैला नांगर टाकून काढावी. संध्याकाळचा वाळूवरचा मासळीचा लिलाव पाहावा, कोणाच्या तरी ओटीवर सोलकढी प्यावी, आणि सकाळी होडीने सुवर्णदुर्गाला प्रदक्षिणा घालावी. कंपनीला यात नफा आहे की नाही हे मला सांगता येणार नाही. प्रवाशाची तक्रार मात्र निम्मी होईल.

साहित्याच्या बाजूने पाहिले तर हा किनारा आपल्याला केव्हाच दाखवून झालेला आहे. श्री. ना. पेंडसे यांचा 'गारंबीचा बापू' १९५२ मध्ये दापोलीकडच्या मुलखातून आला. जयवंत दळवींचे 'सारे प्रवासी घडीचे' १९६४ चे. त्यातले गाव वेंगुर्ल्याकडच्या बाजूचे. या लेखकांना प्रवासवर्णन लिहावयाचे नव्हते. ते त्या बंदरांचे रहिवासी होते. आमच्या वाङ्मयाने वाटणी अशी विचित्र केली की घरची बंदरे कादंबरीला दिली आणि प्रवासवर्णनाला लंडन दिले. परिणामी घरच्या किनाऱ्याकडे प्रवाशाच्या नजरेने पाहणारे आणि परदेशाकडे रहिवाशाच्या नजरेने पाहणारे, असे दोन्ही लेखन आपल्याकडे थोडे राहिले.

दळवींच्या पुस्तकाचे नाव या लेखाला फार सोयीचे आहे, पण त्याचा तात्त्विक अर्थ काढण्याचा मोह आवरतो. मला व्यवहाराचेच बोलावयाचे आहे. पुढच्या दिवाळीला अंकांतून बोटीच्या सफरींचे लेख येतील, येऊ द्यावेत. संपादकांनी लेखकाला इतकेच विचारावे की, बंदरात उतरल्यावर तुम्ही कोणाशी बोललात आणि त्याचे नाव काय? किती देश केले हे विचारू नये. ज्याला एक तरी नाव सांगता येईल त्याचा लेख छापावा, मग बंदर गोव्याचे का असेना. आणि प्रवाशांनी आपली मागणी थोडी बदलून पाहावी. नवे बंदर अवश्य मागावे, ते आपल्या हक्काचे आहे आणि किनाऱ्यावर ते आहेही. परंतु त्याबरोबर त्या बंदरात एक रात्रही मागावी. तोवर निदान मुंबईहून सुटलेल्या बोटीवर रात्री नऊ-दहाच्या सुमारास, गाणे चालू असले तरी, एकदा डाव्या बाजूच्या डेकवर जाऊन उभे राहावे. हर्णैचे दिवे तिकडेच असतात.